कालवा रुंद करण्याबाबत

हेस्टर हो म्हणाली आणि योपे पाण्यात पडला.

असं काही घडलेलंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. योपेची तशी इच्छा आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सहल झाली, सहल छान झाली, वारा समोरून होता आणि पाण्यात कोणीही पडलं नाही.

तर, उत्रेख्तहून चार सायकली निघाल्या. पुढे बास्टियान. त्याच्या कॅरिअरवर घडीची खुर्ची बांधलेली होती, कारण निवांत फिरायचं म्हणजे फर्निचर लागतं, असं त्याचं ठाम मत. त्याच्या मागे त्याची बहीण टेसेल, आजीच्या जुन्या सायकलवर. या सायकलला ब्रेकची दांडी नव्हती. पायडल उलटं मारलं की ती थांबायची, आणि कधीकधी न मारताही थांबायची. मग हेस्टर, जी घोड्यांची डॉक्टर होती आणि एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं सफरचंदाचे दोन तुकडे करू शकायची. सुरीशिवाय. आणि सगळ्यात शेवटी योपे, ज्याच्या पोटात सकाळपासून एक भाषण होतं.

भाषण हेस्टरसाठी होतं. योपेनं ते भांडी घासता घासता पाठ केलं होतं. त्याला प्रस्तावना होती, मध्यभाग होता, समारोप होता, आणि मध्यभागात थांबून तिच्याकडे बघायची एक जागा होती. नोकरीनं तो नगरपालिकेत होता. लोकांच्या अर्जांना उत्तरं लिहायचा. 'आपल्या विनंतीची नोंद घेण्यात आली आहे' हे वाक्य त्यानं इतक्या वेळा लिहिलं होतं की आईनं जेवायला बोलावलं तरी तेच तोंडात यायचं. असा माणूस प्रेमात पडला की प्रस्तावनेशिवाय बोलणार नाहीच.

घाई करण्याचं कारण एकच. सोमवारपासून हेस्टर ग्रोनिंगनला चालली होती. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात तिला कायमची नोकरी लागली होती. नकाशावर हे अंतर बोटभर आहे. पण देशच मुळात दोन बोटांचा, त्यामुळे तिथे कोणी राहायला गेलं की मागे राहिलेले लोक दरवर्षी एक कार्ड पाठवतात आणि हळूहळू तेही विसरतात. लायडनच्या स्टेशनवर सहल संपणार, तिथून हेस्टर गाडीत बसणार, आणि त्याआधी भाषण झालं नाही तर ते योपेच्या पोटात जन्मभर राहणार. हे योपेला माहीत होतं. बास्टियान आणि टेसेललाही माहीत होतं, कारण योपेच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या अंगणात उघडते आणि तो भांडी घासताना मोठ्यानं बोलतो.

"समारोप जरा लांबलाय," टेसेल निघताना त्याच्या कानात म्हणाली.

"कसला समारोप?" योपे म्हणाला.

"काही नाही. पातेल्याला आवडला असेल."

बास्टियाननं सहलीचा नियम सांगितला. जो घाई करेल, त्यानं सगळ्यांना ॲपल पाय द्यायचा. त्यामुळे कोणी घाई करत नव्हतं. विजेच्या सायकलींवरच्या आज्या त्यांना मागे टाकत होत्या आणि जाता जाता 'दमलात का रे पोरांनो' असं विचारत होत्या. उन्हं चांगली होती. बांधाच्या एका बाजूला पाणी वर होतं आणि दुसऱ्या बाजूला गायी खाली होत्या, म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. कुरणातून टिटव्या ओरडत उठत होत्या. हेस्टर मधेच दोन्ही हात सोडून गात होती. तिचा सूर गायींना पटत नव्हता, पण योपेला वाटत होतं की आपण आयुष्यात इतके आनंदात कधीच नव्हतो, आणि या आनंदाचं कारण पुढे दहा हातांवर पायडल मारतंय.

आउडेवाटरला पहिली संधी आली. तिथे वजनकाट्याचं जुनं घर आहे. पूर्वी चेटकीण ठरलेल्या बाईला तिथे काट्यात बसवत. वजन नीट भरलं की ती झाडूवर उडू शकणार नाही, असं ठरायचं आणि बाई सुटायची. आता सगळे हौसेनं बसतात. योपेचा हिशोब असा की हेस्टर काट्यात बसली की तिला पटकन उठता येणार नाही, तेवढ्यात आपण प्रस्तावना उरकू. ती बसली. योपे काट्याजवळ गेला. "हेस्टर," तो म्हणाला, "माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात—"

"मीपण," असं म्हणून बास्टियान खुर्चीसकट तिच्या पारड्यात चढला. काटा धाडकन जमिनीला टेकला. त्या दोघांनाही आता आयुष्यात कधी उडता येणार नव्हतं.

"काय म्हणत होतास?" खाली उतरल्यावर हेस्टरनं विचारलं.

"क्षण येतात," योपे म्हणाला. "आणि जातात."

आता उरली होती फक्त एक जागा. गौडाच्या पुढे, लायडनच्या वाटेवर, एका अरुंद कालव्यावर साखळीचा तराफा आहे. माणूस नाही, तिकीट नाही. आपणच साखळी ओढायची आणि पलीकडे जायचं. त्यावर दोन माणसं आणि दोन सायकली मावतात, त्यापेक्षा जास्त नाही. तिथली पाटीच तसं सांगते. योपेचं त्या पाटीवर मनापासून प्रेम होतं. बास्टियान आणि टेसेलला आधी पाठवायचं, मग तो आणि हेस्टर, चारी बाजूंनी पाणी, खुर्ची पलीकडच्या काठावर. तिथे भाषण होणारच होतं.

पण त्याआधी मुक्काम होता. एका शेतावर, लेनी नावाच्या बाईंकडे, चार खाटा सांगून ठेवलेल्या. पत्ता होता: बांधावरून खाली उतरा, हिरवी दारं, अंगणात पंप. समोरच्या वाऱ्यानं सगळे घामाघूम झाले होते. बांधावरून खाली उतरले, तर हिरवी दारं होती आणि अंगणात पंप होता. आता या भागात पुढचं दार फक्त लग्नाला आणि प्रेताला उघडतं, त्यामुळे चौघं सरळ मागच्या दारानं आत गेले.

आत खोलीभर खुर्च्या गोल मांडल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर एक माणूस बसला होता. मध्ये टेबल, टेबलावर केक. वर कागदी झेंड्यांची माळ.

इथे एखादा परदेशी माणूस असता तर त्यानं विचारलं असतं की हे काय आहे आणि आम्ही चुकीच्या घरात तर नाही ना. पण हे चौघं इथलेच. खुर्च्या गोल दिसल्या की त्यांचा हात आपोआप पुढे येतो. हेस्टरनं पहिल्या माणसाचा हात धरला आणि म्हणाली, "अभिनंदन." त्यानंही म्हटलं, "अभिनंदन." मग दुसरा. वाढदिवस कोणाचाही असो, अभिनंदन सगळ्यांचं करायचं असतं. भावाचं, मेहुणीचं, शेजाऱ्याचं, शेजाऱ्याच्या मेहुणीचंसुद्धा. एकदा हात मिळवायला सुरुवात झाली की अर्ध्यात थांबणं म्हणजे अर्ध्या घराचा अपमान. योपे तिसऱ्या माणसापाशी आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण यातल्या एकालाही ओळखत नाही. सातव्या माणसापाशी बास्टियानच्याही लक्षात आलं. पण थांबायचं कुठे? ते थेट शेवटच्या खुर्चीपर्यंत गेले, आणि वाढदिवस नक्की कोणाचा, हे तरीही कळलं नाही.

"बसा की," एक जाडजूड बाई म्हणाल्या. त्यांना सगळे आल आत्या म्हणत होते. "पण खुर्च्या संपल्यात बाई."

"मी आणतो," असं म्हणून बास्टियान बाहेर गेला आणि आपली घडीची खुर्ची घेऊन आला.

तिथेच निकाल लागला. वाढदिवसाला स्वतःची खुर्ची घेऊन येतो तो घरचाच माणूस असतो. आत्यांनी चौघांकडे नव्या मायेनं पाहिलं आणि केकचे मोठे तुकडे कापले.

"तू विल्यमचा मोठा ना रे?" आत्यांनी योपेला विचारलं.

योपेच्या तोंडात केक होता. त्यानं नाही म्हणायला मान हलवली. पण आडवी हलवायची ती केकमुळे उभी हलली.

"वाटलंच. नाक तेच आहे. आणि ही तुझी?"

त्यांचं बोट हेस्टरकडे होतं. हेस्टर गोलाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्याला घोड्याच्या खुरांबद्दल सांगत होती. खोलीतला आवाज नेमका तेव्हाच थांबला. असा आवाज नेमका तेव्हाच थांबतो.

"माझी म्हणजे..." योपे म्हणाला.

"लग्न कधी?"

नाही म्हणावं तर आपण कोण ते सांगावं लागणार. हो म्हणावं तर हेस्टर समोर बसलेली. योपेनं नोकरीत शिकलेलं उत्तर दिलं. "विनंतीची नोंद घेण्यात आली आहे."

"काय म्हणतोय हा?" आत्यांनी खोलीला विचारलं.

"अजून विचारलेलंच नाही त्यानं, आत्या," हेस्टर पलीकडून शांतपणे म्हणाली, आणि पुन्हा खुरांकडे वळली.

योपेला पुढची काही मिनिटं आठवत नाहीत. त्यानं एका ताटलीतले चीजचे सगळे तुकडे, त्यांत खोचलेल्या इवल्या कागदी झेंड्यांसकट खाल्ले, असं टेसेल सांगते. हेस्टर थट्टेनं बोलली की खरं बोलली? खरं बोलली असेल तर तिला माहीत होतं. माहीत होतं तर केव्हापासून? तो उठला आणि संडासात गेला, कारण या देशात विचार करायची खरी जागा तीच. समोर भिंतीवर, इथल्या प्रत्येक घरात असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. आजच्या तारखेपुढे लिहिलं होतं: हुइबर्ट, ऐंशी. निदान अभिनंदन कोणाबद्दल केलं ते तरी कळलं.

बाहेर आला तर त्याच्या खुर्चीशेजारी एक उंच, लाल चेहऱ्याचे गृहस्थ येऊन बसले होते. आत्यांचे भाऊ खेईस काका. गौडाच्या बाजारात जन्मभर चीज विकलेले, आता नजर अधू झालेले.

"मुली, आत्या म्हणते तुला बोलता येत नाही," काका योपेला म्हणाले.

"मुलगा आहे तो," आत्या म्हणाल्या.

"बोलता येत नाही म्हणजे मुलगा काय, मुलगी काय. हात पुढे कर."

योपेनं हात पुढे केला. काकांनी त्यावर असा तळवा मारला की केकचा काटा खाली पडला.

"हे बघ. बाजारात भाषण कोणी करत नाही. एक टाळी म्हणजे एक बोली. तू बोली कर, टाळी मार. तिला पटली नाही तर ती तिची बोली करेल, टाळी मारेल. असं करत करत जवळ यायचं. शेवटची टाळी मारली की हात सोडायचा नाही. सोडला नाही म्हणजे सौदा झाला. झालेला सौदा माघारी जात नाही. पाऊस येवो, मालक मरो."

"यात प्रस्तावना कुठे येते?" योपेनं विचारलं.

"कसली?"

"काही नाही."

"आणि शेवटची टाळी जोरात," काका म्हणाले. "हळू मारली की माणसाला वाटतं, माल नासका आहे."

हेस्टर ऐकत होती. ती घोड्यांची गोष्ट सांगताना मधेच थांबली आणि तिनं आपल्याच तळहाताकडे एकदा पाहिलं. योपेनं ते पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवायला त्यानं माळेतले झेंडे मोजायला घेतले.

इतक्यात मागच्या दारानं आणखी एक बाई आल्या. सगळ्यांचं अभिनंदन करत करत या चौघांचंही केलं आणि टेसेलशेजारी धपकन बसल्या. "काय सांगू," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे चार पाहुणे यायचे होते. शहरातले. सूप गॅसवर ठेवून वाट बघतेय. अजून पत्ता नाही."

टेसेलचा हात केकवर थांबला. बास्टियान खुर्चीत थोडा खाली सरकला. लेनीबाई त्या हिरव्या दारांच्या शेजारच्या हिरव्या दारांत राहत होत्या. त्यांच्याही अंगणात पंप होता.

"शहरातल्या लोकांना काही रीतभात नसते," हेस्टर गंभीरपणे म्हणाली.

"नाही ना," लेनीबाई म्हणाल्या.

"कुठेतरी केक खात बसले असतील."

"तेच असतं बाई त्यांचं."

आता निघायला हवं होतं. पण निघतानाही सगळ्यांशी हात मिळवावे लागतात. ते मिळवत असताना विल्यमचा खरा मोठा मुलगा आपल्या खऱ्या बायकोला घेऊन आला, आणि त्यानं रीतीप्रमाणे योपेचं अभिनंदन केलं. योपेनं त्याचं केलं. नाक खरंच तसंच होतं.

शेवटी कोपऱ्यातल्या मोठ्या खुर्चीतले म्हातारे आले. हुइबर्ट आजोबा. योपेनं त्यांचा हात धरला तेव्हा ते जवळ वाकून हळूच म्हणाले, "मी तुम्हाला ओळखत नाही."

"आजोबा, माफ करा, आम्ही—"

"अरे असू दे. यातले निम्मे लोक मी ओळखत नाही. तुम्ही निदान खुर्ची आणलीत." मग त्यांनी हेस्टरकडे मान वळवली. "ती पोरगी तू केक खातोस तेव्हा बघत असते. तू बघतोस तेव्हा ती घोड्यांबद्दल बोलते. एवढंच सांगायचं होतं. वाढदिवस आहे म्हणून सांगितलं, एरवी मी पडत नाही लोकांच्या मधे."

चौघं धावत शेजारच्या अंगणात गेले आणि पंपापाशी उभे राहून आत्ताच आल्यासारखे धापा टाकायला लागले. थोड्या वेळानं लेनीबाई आल्या. त्यांनी चौघांकडे पाहिलं. बास्टियानच्या खुर्चीकडे पाहिलं. टेसेलच्या हनुवटीला लागलेल्या क्रीमकडे पाहिलं.

"वारा समोरून होता," बास्टियान म्हणाला.

"असेल," बाई म्हणाल्या. "केक झालाच आहे तुमचा. म्हणजे सूपनंतर गोड नाही."

आणि नव्हतं. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळालं आणि डब्याचं झाकण लागलं. टेसेलनं तेवढ्यात संडासातल्या कॅलेंडरवर चौघांचे वाढदिवस लिहून टाकले. "कार्ड येईल," ती म्हणाली. "बाई मनानं चांगल्या आहेत."

सकाळी चॉकलेटचे दाणे भुरभुरवलेला पाव खाऊन ते निघाले. वारा रात्रीत फिरला होता आणि आता नवीन दिशेनं समोरून होता. गौडात बाजार भरला होता, पण खेईस काका दिसू नयेत म्हणून ते बाजाराच्या मागून, चर्चला वळसा घालून गेले. तरी एका खिडकीतून गरम पाकातली वाफल घेतलीच, आणि पाक चौघांच्याही मनगटापर्यंत ओघळला. हेस्टरनं आपलं मनगट चाटलं आणि म्हणाली, "ग्रोनिंगनमध्ये हे मिळत असेल का?"

"मिळतं," बास्टियान म्हणाला. "फक्त ते लोक खाताना गप्प बसतात."

"मग योपेला तिथे छान जमेल," टेसेल म्हणाली.

सगळ्यांनी एकदम पायडल मारायला सुरुवात केली, आणि कोणीही घाईबद्दल ॲपल पाय मागितला नाही.

गौडा मागे पडलं. कुरणं पुन्हा उघडी झाली. उसाएवढ्या उंच बोरूंमधून वाट खाली उतरली आणि कालवा आला. तराफा काठाला टेकून उभा होता. योपे सायकलवरून उतरला, आणि मग त्याची नजर कालव्यावर पडली.

कालवा अरुंद होता. हे त्याला माहीत होतं. पण किती अरुंद ते त्यानं कधी भाषण डोक्यात ठेवून पाहिलं नव्हतं. दोन गायी नाकाला शेपटी लावून उभ्या केल्या असत्या तर पूल झाला असता.

बास्टियान आणि टेसेल न सांगताच आधी गेले. पलीकडे उतरल्यावर बास्टियाननं खुर्ची उघडली, कालव्याकडे तोंड करून मांडली आणि बसला. टेसेल त्याच्या शेजारी गवतात बसली. तिनं सफरचंद काढलं. नाटक सुरू व्हायच्या आधी लोक बसतात तशी ती दोघं बसली होती. जवळ एक राखी बगळा उभा होता. तोही इकडेच बघत होता.

तराफा परत ओढून घेतला. दोन सायकली, दोन माणसं. योपेनं साखळी हातात घेतली आणि म्हणाला, "हेस्टर, माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात की ज्यांची माणूस—"

तराफा पलीकडे धडकला.

"इतक्यात?" योपे म्हणाला.

"मला कुठे विचारतोस," बास्टियान खुर्चीतून म्हणाला. "कालव्याला विचार."

योपेनं तराफा उलटा ओढायला सुरुवात केली. हेस्टरनं भुवया वर केल्या, पण ती उतरली नाही. "ज्यांची माणूस," योपे पुढे म्हणाला, "वर्षानुवर्षं वाट बघतो, आणि तरीही—"

तराफा अलीकडे धडकला. तिथे आता निवृत्त लोकांचा एक जथा येऊन थांबला होता. सगळ्यांची पिवळी जाकिटं, सगळ्यांच्या विजेच्या सायकली.

"उतरताय का बाळांनो?" पुढच्या बाईंनी विचारलं.

"नाही," योपे म्हणाला.

"चढताय?"

"नाही."

"मग काय करताय?"

"प्रस्तावना," असं म्हणून योपेनं पुन्हा साखळी ओढली.

आता गोष्ट अशी आहे की या तराफ्याची साखळी दोन्ही काठांना बांधलेली असते आणि काठावरूनही ओढता येते. पिवळ्या जाकिटांना पलीकडे जायचं होतं. त्यांना वाटलं, पोरांची ताकद संपली, म्हणून त्यांनी अलीकडून मायेनं ओढायला घेतलं. टेसेलनं ते पाहिलं आणि पलीकडून ओढायला लागली. बास्टियानही उठला, हे त्यानं नंतर अनेकदा सांगितलं. दोन्हीकडून साखळी ताणली गेली आणि तराफा कालव्याच्या बरोबर मध्यावर उभा राहिला. ना इकडे, ना तिकडे.

योपेला हवा होता तेवढा वेळ मिळाला. आणि भाषण गेलं. मध्यभाग गेला, समारोप गेला, थांबून बघायची जागा तेवढी राहिली. म्हणून तो थांबून बघत राहिला.

हेस्टरनं थोडा वेळ वाट पाहिली. सायकल स्टँडवर लावली. मग तिनं उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"काकांनी काय शिकवलं?" ती म्हणाली.

योपेनं तिच्या हाताकडे पाहिलं. त्यावर वाफलच्या पाकाचा डाग होता. त्यानं टाळी मारली. "दर शनिवार-रविवार मी ग्रोनिंगनला येणार."

"महिन्यातून एकदा," हेस्टर म्हणाली आणि टाळी मारली. योपेचा खांदा हलला.

"दर आठवड्याला, आणि येताना वाफल आणणार."

"आठवड्याआड. मधल्या आठवड्यात मी येणार. वाफल ठरली."

"घोड्यांना घाबरणार नाही."

"घाबरलास तरी चालेल. खोटं बोलू नकोस, घोड्यांना कळतं."

योपेचा तळवा लाल झाला होता आणि त्याला एकदम हलकं वाटत होतं, भाषण पोटातून उतरल्यासारखं. साखळी अजून दोन्हीकडून ताणलेली होती. त्यानं सगळ्यात अवघड बोली काढली. "आणि प्रेम?" असं म्हणून अगदी हळू टाळी मारली.

"ते मी आधीपासून धरलेलं आहे," हेस्टर म्हणाली. "त्याचं वेगळं काही लावत नाही."

"आधीपासून म्हणजे केव्हापासून?"

"तुझ्या खिडकीखालून मी पण जाते अधूनमधून. समारोप लांबलाय तुझा."

मग तिनं शेवटची टाळी मारली. खेईस काकांचा उपदेश तिनं मनावर घेतला होता. आणि ज्या हातानं ती घोड्याचा पाय धरून ठेवते, तोच हात होता तो.

यानंतर योपे कालव्यात उभा होता. पडला नव्हता, उभा होता, छातीपर्यंत पाण्यात, डोक्यावर हिरवं शेवाळ. हेस्टर तराफ्यावर पोटावर झोपली होती आणि तिनं त्याचा हात अजून सोडला नव्हता.

"सौदा आहे ना?" योपेनं खालून विचारलं.

"हात सोडलाय का मी?"

"नाही."

"मग."

बगळ्यानं एक पाऊल बाजूला टाकलं आणि दुसरीकडे बघायला लागला. पिवळ्या जाकिटातल्या बाईंनी काठावरून विचारलं, "बाळा, तू खाली उतरलास म्हणजे तराफ्यावर एक जागा झाली का?"

लायडनच्या स्टेशनवर योपे पोचला तेव्हा त्याच्या बुटांतून पाणी वाजत होतं. बास्टियाननं फलाटावर खुर्ची मांडली आणि हेस्टरला तीत बसवलं. सौदा झालेल्या माणसाला उभं ठेवत नाहीत म्हणून. गाडी आली, हेस्टर चढली आणि दारातून तळवा दाखवला. तो अजून लाल होता. योपेनं आपला दाखवला. तो जास्त लाल होता.

घरी गेल्यावर योपेनं भांडी घासली. तोंडातून एक शब्द काढला नाही. टेसेल अंगणात खास ऐकायला येऊन बसली होती. ती निराश होऊन गेली. मग त्यानं हात पुसले आणि त्याला उत्तम येतं ते काम करायला बसला:

प्रति,
बांध व जलमार्ग मंडळ यांस.

विषय: कालवा रुंद करण्याबाबत.

महोदय, गौडा ते लायडन या वाटेवर साखळीच्या तराफ्याखाली असलेला कालवा सध्या इतका अरुंद आहे की त्यावर मध्यम लांबीची प्रस्तावनाही पूर्ण होत नाही. यामुळे अर्जदाराची गैरसोय झाली. अर्जदार पाण्यात पडलेला नाही, याची कृपया नोंद घ्यावी. तरी सदर कालवा प्रस्तावना, मध्यभाग व समारोप एका फेरीत मावतील इतका रुंद करण्यात यावा. दोन्ही काठांवर एकेक घडीची खुर्ची कायमस्वरूपी बसवण्यात यावी. आणि हे काम पूर्ण होईपर्यंत, मंडळाकडे माती सरकवण्याचा पूर्वापार अनुभव असल्याने, ग्रोनिंगन शहर उत्रेख्तच्या शेजारी आणून ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.